मांजराचा मधुमेह व इन्शुलिनाची घरगुती मात्रा

मांजराच्या शरीरात इन्शुलीन या हॉर्मोनाची निर्मिती अपुरी पडल्याने किंवा ऊतकांनी त्याला पुरेसा प्रतिसाद न दिल्याने रक्तातील ग्लुकोज वाढते व ते मूत्रावाटे बाहेर पडू लागते. या विकारास मांजराचा मधुमेह म्हणतात. वारंवार व पुष्कळ लघवी होणे, तहान वाढणे आणि भूक चांगली असूनही वजन घटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तंत्रिकांना इजा पोहोचल्यास मांजर मागील पायांच्या बोटांवर न चालता घोटे जमिनीला टेकवून चालते. मध्यम व उतार वयाच्या, लठ्ठ, घरातच राहणाऱ्या आणि खच्ची केलेल्या बोक्यांत हा विकार अधिक आढळतो.

मधुमेही मांजरास बहुधा दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, इन्शुलिनाचे इंजेक्शन कातडीखाली द्यावे लागते. त्यामुळे या उपचाराचे मुख्य स्थान रुग्णालय हे नसून घर हे आहे. या उपचाराचा इतिहास जितका औषधाच्या शोधाचा, तितकाच मापनाचा आहे. प्रयोगशाळेतील एकक, सिरिंजवरील खूण आणि रक्तातील ग्लुकोज मोजण्याचे साधन ही टप्प्याटप्प्याने सामान्य घरापर्यंत येऊन पोहोचली. नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांत मांजरासाठी माणसाचेच औषध आणण्याची वेळ पुष्कळदा येते. अशा ठिकाणी हा मापनाचा इतिहास समजून घेणे मांजराच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

पूर्वेतिहास : मधुमेह ही संज्ञा आयुर्वेदातील असून चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या वीस प्रकारांत तिचा अंतर्भाव केलेला आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे निरीक्षणही चरकसंहितेत आढळते. मांजराच्या बाबतीतही ही खूण घरातील माणसांना सावध करू शकते. मात्र केवळ तीवरून निदान निश्चित होत नाही. त्यासाठी रक्त व मूत्र यांची तपासणी आवश्यक असते.

विकाराचे मूळ अग्निपिंडात आहे, हे १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे योझेफ फोन मेरिंग व ओस्कार मिंकोव्हस्की यांनी दाखविले. त्यांनी कुत्र्याचे अग्निपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले असता त्यास तीव्र मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत अग्निपिंडाचा प्रभावी अर्क मिळविला व जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलास तो प्रथम देण्यात आला. ११ जानेवारीचे पहिले इंजेक्शन अशुद्ध अर्कामुळे फारसे उपयोगी पडले नाही. २३ जानेवारीपासून दिलेल्या शुद्ध अर्काने मात्र त्याची प्रकृती सुधारली. अशा रीतीने प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळालेले औषध प्रथम माणसाच्या उपयोगी पडले आणि पुढे ते पुन्हा प्राण्यांकडे आले.

सुरुवातीची कित्येक दशके इन्शुलीन कत्तलखान्यातून मिळणाऱ्या गुरांच्या व डुकरांच्या अग्निपिंडांपासून काढीत. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गुरांच्या इन्शुलिनाची संपूर्ण रेणवीय रचना निश्चित केली. पुढील तुलनेत असे दिसून आले की, मांजराचे इन्शुलीन गुरांच्या इन्शुलिनापेक्षा केवळ एका ॲमिनो अम्लाने, डुकराच्या इन्शुलिनापेक्षा तीन व माणसाच्या इन्शुलिनापेक्षा चार ॲमिनो अम्लांनी भिन्न असते. १९८२ मध्ये जननिक अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी इन्शुलीन बाजारात आले व त्यानंतर गुरांपासून काढलेली औषधे मागे पडत गेली. मांजराच्या इन्शुलिनाशी सर्वांत जवळचे असलेले औषध त्यामुळे दुर्मिळ झाले. तथापि माणसाच्या व डुकराच्या इन्शुलिनानेही मांजराच्या रक्तातील ग्लुकोज कमी होते, असा अनुभव आहे.

माणसाच्या मधुमेहाच्या अभ्यासालाही मांजराचा उपयोग झाला. मधुमेही मांजरांच्या लांगरहान्स द्वीपकांत ॲमिलॉइड हा पदार्थ साचलेला आढळतो. १९८७ मध्ये स्वीडनमधील पेर वेस्टरमार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या इन्शुलीनस्रावी अर्बुदातील व मधुमेही मांजराच्या द्वीपकांतील ॲमिलॉइडाचे मूळ प्रथिन ओळखले. मांजराचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता आहे, या मतास त्यामुळे बळकटी आली. कुत्र्याच्या मधुमेहात बहुधा जन्मभर इन्शुलीन द्यावे लागते. मांजराच्या बाबतीत मात्र लवकर व योग्य उपचार झाल्यास इन्शुलिनाची गरज काही काळ वा कायमची संपू शकते.

एकक व तीव्रता : शुद्ध इन्शुलीन वजनाने मोजणे प्रारंभी शक्य नव्हते. म्हणून त्याचे माप सशाच्या रक्तातील ग्लुकोजावरून ठरविण्यात आले. १९२३ मध्ये एडिंबरो येथे राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेतर्फे भरलेल्या परिषदेत एककाची व्याख्या करण्यात आली. २४ तास उपाशी ठेवलेल्या २ किग्रॅ. वजनाच्या सशाच्या १०० मिलि. रक्तातील ग्लुकोज ५ तासांत ४५ मिग्रॅ.पर्यंत उतरविण्यास जेवढे इन्शुलीन लागते, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे एक एकक, अशी ती व्याख्या होती. व्यवहारात ज्यास ‘युनिट’ म्हणतात, ते हेच एकक होय. १९२५ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले व १ मिग्रॅ. प्रमाण इन्शुलीन म्हणजे ८ एकके असे मानण्यात आले.

एकक एकच असले, तरी ते किती द्रवात विरघळविलेले असावे, याविषयी एकवाक्यता झाली नाही. प्रारंभी १ मिलि.मध्ये १० वा २० एकके असलेली औषधे मिळत; पुढे ४०, ८० व १०० एककांची आली. निरनिराळ्या तीव्रतांमुळे होणाऱ्या चुका टाळण्यासाठी अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९८३ पासून माणसांसाठी १०० एककांची तीव्रता प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आली. पशुवैद्यकात मात्र ४० एककांची तीव्रता टिकून राहिली. भारतात माणसांच्या औषधांतही ४० एककांच्या कुप्या सर्रास वापरात राहिल्या आणि त्यांच्या जोडीला १०० एककांची काडतुसे व ग्लार्जिनासारखी नवी औषधे आली. परिणामी एकाच दुकानात दोन तीव्रतांची औषधे व दोन प्रकारच्या सिरिंजा शेजारी शेजारी आढळतात. सामान्यतः ४० एककांच्या सिरिंजेचे टोपण लाल व १०० एककांच्या सिरिंजेचे नारिंगी असते.

या दोहोंची अदलाबदल झाल्यास काय होते, ते साध्या गणिताने कळते. ४० एककांच्या औषधात एक एकक ०·०२५ मिलि. द्रवात, तर १०० एककांच्या औषधात ते ०·०१ मिलि. द्रवात असते. १०० एककांचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजेत ‘१’ या खुणेपर्यंत घेतल्यास प्रत्यक्षात अडीच एकके दिली जातात. उलट, ४० एककांचे औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजेत ‘१’ या खुणेपर्यंत घेतल्यास एककाचा केवळ दोन-पंचमांश भाग जातो. दिवसास तीस-चाळीस एकके घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत एखाद्या एककाचा फरक सहसा सहन होतो, चार किग्रॅ. वजनाच्या मांजराची मात्रा मात्र मुळातच एका एककाच्या आसपास असते. अडीचपट मात्रेने त्याच्या रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरून झटके येऊ शकतात व मृत्यूही ओढवू शकतो. शरीरात गेलेले इन्शुलीन परत काढून घेता येत नाही. म्हणून कुपीवरील व सिरिंजेवरील आकडा एकच आहे, हे प्रत्येक वेळी वाचून पाहणे हा या उपचाराचा पहिला नियम होय.

मापन घरी आले : रक्तातील ग्लुकोज माहीत नसता इन्शुलीन देणे धोक्याचे असते. १९०८ च्या सुमारास स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी शोधलेल्या विक्रियाकारकाने मूत्रातील शर्करा तपासता येऊ लागली. परंतु तिच्यावरून रक्तातील ग्लुकोज किती खाली उतरले आहे, हे कळत नसे. १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या व १९७० च्या सुमारास त्या रंगाचे मापन करणारे उपकरण तयार झाले. त्याच दशकाच्या अखेरीस मधुमेही माणसे घरीच रक्त तपासू लागली.

मांजराच्या बाबतीत या साधनाचे महत्त्व विशेष आहे. अनोळखी जागी, अनोळखी हातांत भ्यालेल्या मांजराच्या रक्तातील ग्लुकोज केवळ भीतीनेच पुष्कळ वाढते. त्यामुळे रुग्णालयात घेतलेला आकडा फसवा ठरू शकतो व त्यावरून मात्रा वाढविल्यास घरी परतलेल्या मांजरास ती जास्त होते. २००० मध्ये झुरिक विद्यापीठातील गेर्हार्ड वेस व क्लाउडिया रॉयश यांनी कुत्र्या-मांजरांच्या कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेऊन छोट्या उपकरणाने ग्लुकोज मोजण्याच्या पद्धतीविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ मध्ये कर्स्टिन रूम्प व जॅकी रँड यांनी घरच्या घरी रक्त तपासून ग्लार्जिन देण्यात आलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ६४ टक्के मांजरांची इन्शुलिनाची गरज संपली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण अधिक होते. माणसासाठी केलेली उपकरणे मांजराच्या रक्तातील ग्लुकोज बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवितात, हे लक्षात ठेवून आकड्यांचा अर्थ लावावा लागतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील परिस्थिती : लाल कंधारी ही गुरांची जात नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या व देवणी ही जात लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने ओळखली जाते. शेतीप्रधान भागात पशुवैद्यक सेवेचा मुख्य भर साहजिकच गुरे, म्हशी व शेळ्या यांवर राहिला. लातूर जिल्ह्यातील उदगीर व शेजारच्या परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये असून ती पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे होती. २००० मध्ये स्थापन झालेल्या, नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात ती समाविष्ट झाली. या भागात मांजर हे बहुधा उंदरांपासून धान्याचे रक्षण करणारे, दूध-भाकरीवर व स्वतःच्या शिकारीवर जगणारे घरचे जनावर होते. शहरांतील सदनिकांत ते घराबाहेर न पडता जगू लागले, तेव्हा लठ्ठपणा व दीर्घायुष्य यांबरोबर मधुमेहाची शक्यताही वाढली.

दुसऱ्या बाजूस माणसांच्या मधुमेहावरील उपचार या भागात विस्तारले. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. मराठवाड्यातच, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे वोक्हार्ट कंपनीने मानवी इन्शुलिनाचे उत्पादन केले व ते २००३ मध्ये बाजारात आणले. इन्शुलीन, सिरिंजा व रक्त तपासण्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानांत सहज मिळू लागल्या. मात्र ही सर्व सामग्री माणसाच्या मापाची आहे. विशेषतः माणसांना नेहमी दिले जाणारे ३०/७० मिश्र इन्शुलीन मांजरासाठी बेतलेले नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या कुपीतून ते परस्पर मांजरास देणे योग्य नव्हे. औषध कोणते व कोणत्या तीव्रतेचे, हे पशुवैद्याने लेखी दिलेले असावे.

या भागातील उन्हाळा ही दुसरी अडचण होय. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० से.च्या वर जाते. न उघडलेली कुपी २ ते ८ से. तापमानात ठेवावी लागते व ती गोठल्यास निरुपयोगी होते. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या गावी वापरातील कुपी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या माठात, पाणी न लागेल अशी ठेवल्यास ती बरीच थंड राहते. परंतु माठ शीतकपाटाइतका थंड होत नाही. उष्णतेने क्षीण झालेल्या औषधाचा गुण येत नाही म्हणून मात्रा वाढविली आणि नंतर नवी कुपी त्याच मात्रेने सुरू केली, तर अतिमात्रा होते.

मात्रेचे नियम : उपचाराचा प्रारंभ सामान्यतः प्रत्येक वेळी एका एककाच्या आसपास करतात. मात्रेतील वाढ अर्ध्या एककाने व काही दिवसांच्या अंतराने, पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावयाची असते. मांजर मूलतः मांसाहारी असल्याने कमी कर्बोदकांचा व भरपूर प्रथिनांचा आहार हा उपचाराचाच भाग होय. दूध-भाकरी वा दूध-भात बंद करून असा आहार सुरू केल्यास इन्शुलिनाची गरज झपाट्याने घटू शकते. म्हणून आहारातील बदल पशुवैद्यास आधी कळविणे आवश्यक असते. मांजराने अन्न न खाल्ल्यास किंवा ते ओकत असल्यास पूर्ण मात्रा देऊ नये, पशुवैद्यास विचारावे. अशक्तपणा, झोकांड्या, थरथर वा झटके ही ग्लुकोज अतिशय उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळून मांजरास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

२०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझीन व २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझीन या तोंडाने देण्याच्या औषधांना अमेरिकेत मांजरांसाठी मान्यता मिळाली. तथापि ज्या मांजरांना आधी इन्शुलीन दिलेले आहे, त्यांच्यासाठी ती नाहीत व त्यांमुळे रक्तातील कीटोन द्रव्ये वाढण्याचा धोका संभवतो. त्यामुळे इन्शुलीन व त्याची मात्रा यांचे महत्त्व कायम आहे. घरात एकाहून अधिक व्यक्ती इंजेक्शन देत असल्यास प्रत्येक मात्रेची वेळ, एकके व देणाऱ्याचे नाव वहीत नोंदविण्याची पद्धत उपयुक्त ठरते. मात्रा दिली की नाही, अशी शंका आल्यास ती पुन्हा देऊ नये. एक वेळ चुकलेल्या मात्रेपेक्षा दोनदा दिलेली मात्रा मांजरास अधिक घातक असते.