‘शोले’तली ती बुलेट नव्हे

मोटारसायकलवर बसलेल्या जय-वीरूंचा ‘शोले’तला फोटो कुणीही लालबागच्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर दाखवला, की एकदम चार तोंडांतून निघतं, “बुलेट!” ती बुलेट नव्हे. ती बीएसए डब्ल्यूएम-२०, १९४२ची, बर्मिंगहॅमला बनलेली. माझं उभं आयुष्य परळच्या गॅरेजात गेलं. सिनेमातल्या सगळ्यात प्रसिद्ध गाडीला लोक भलत्याच नावाने हाक मारतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

ओळखायची कशी? आधी पुढचं चाक बघावं. बुलेटला दोन बाजूंना दोन जाड नळ्या असतात. हिला गर्डर फोर्क आहे, म्हणजे लोखंडी सांगाडा आणि मधोमध एकच स्प्रिंग. इंजिन ४९६ सीसीचं, साइड व्हॉल्व्ह, जेमतेम तेरा हॉर्सपॉवरचं. बळ कमी, पण चिवटपणा जबर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी या जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या. बीएसए ही मुळात बंदुकांची कंपनी, म्हणून तिच्या चिन्हातही तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या आहेत.

थट्टा सुरू होते ती पायांवरून. “काका, फोटो उलटा छापलाय. गिअर उजव्या पायाला कसा?” पोरं आताच्या गाड्यांवर वाढलेली, त्यांचा गिअर डावीकडे. मी म्हणतो, “अरे, साइडकार बघ, डावीकडेच आहे ना? नंबर वाच, सरळ दिसतोय. उलट्या फोटोत दिसला असता का?” नंबरची सुरुवात एमवायबी, म्हणजे जुन्या म्हैसूर राज्यातली, आजच्या कर्नाटकातली गाडी. सिनेमातलं रामगड कर्नाटकातल्या रामनगरला उभं केलं होतं, त्याचा पुरावा नंबरप्लेटवरच आहे. त्या काळच्या बुलेटलाही गिअर उजवीकडेच होता, हे सांगितलं की बुलेटवाले गप्प होतात. मग कुणीतरी ठेवणीतला विनोद काढतो: जुन्या इंग्रजी गाडीखाली ऑइलचा डाग नसेल तर समजावं, टाकी कोरडी झाली.

जावाच्या फोटोची गंमत निराळीच. “हिची किक चोरीला गेली!” असं बुलेटवाला ओरडतो. किक तिथंच असते. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. एका दांड्यात दोन कामं बसवणाऱ्या त्या चेक कारागिरांना माझा दंडवत. ही गाडी आपल्याकडे रुजवली रुस्तम इराणींच्या आयडियल जावाने. १९६१मध्ये म्हैसूरला कारखाना सुरू झाला, पुढे तीच गाडी येझदी झाली आणि १९९६ला कारखान्याला टाळं लागलं. हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं प्रमाण तोंडपाठ असलेली माणसं आता कट्ट्यावर मोजकीच उरलीत.

मद्रासच्या एनफिल्डचं नशीब बलवत्तर होतं. भारतीय फौजेने ३५० सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या, १९५५ला तिथं कंपनी उभी राहिली आणि ती टिकली. टिकली म्हणूनच बहुधा प्रत्येक जुन्या गाडीला तिचं नाव चिकटलं.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला आणि लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. गिरगाव-परळच्या कितीतरी पोरांनी साइडकार पहिल्यांदा पाहिली ती त्या पडद्यावर. साइडकार सुटते, वेगळी धावते, पुन्हा येऊन जुळते, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडायच्या. मी मात्र तो जोड कुठे आहे ते शोधत बसायचो.

हल्ली पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी-फेट्यातल्या मुली बुलेट चालवतात. त्यांचे फोटो कट्ट्यावर आले की आमचे डोळे आधी गिअरकडे जातात. डावीकडे असला तर नवी, उजवीकडे असला तर आजोबांची. मागच्या वेळी एका फोटोत गिअर उजवीकडे निघाला, तेव्हा टेबलावरचा चहा निवेपर्यंत आम्ही गाडीचं साल काढत बसलो होतो.