राक्षसभुवनची लढाई आणि वर्गातला पडदा

इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ साली आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. शाळेतला एकुलता एक टीव्ही हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात असायचा, आणि ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज जायची. कार्यक्रम कधी कधी रटाळ असत, हेही खरं. पण पोरांसमोर येण्याआधी ते विषयाच्या जाणकारांच्या नजरेखालून गेलेले असत.

ही संस्था २०१७ साली बंद झाली. तीनच वर्षांनी कोरोनानं शाळांना टाळं लावलं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली आणि गुरुजी मोबाइलवर व्हिडिओ धाडू लागले. आमच्या बीडात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत फोन एकच, आणि तोही बापाबरोबर फडात! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी त्याआधीच पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडून दाखवला होता. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. कोणत्या धड्याला कोणती फीत, ही निवड तिथं शिक्षकाची होती. मला त्यातलं हेच मोलाचं वाटतं.

आता मधे कोणी उरलं नाही. शोधा, दाबा, दाखवा.

राक्षसभुवनचंच घ्या. गेवराई तालुक्यातलं, गोदाकाठचं हे गाव पोरांना शनीमुळे माहीत असतं. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथं माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. या लढाईवरची एक फीत मी पाहिली. तिच्यात भगवा आणि हिरवा असे दोनच रंग, वर ढोलांचा दणदणाट. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच लढाईत मारला गेला, हे तिच्यात नव्हतं. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाला मिळाले होते आणि मग फिरले, हेही नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी, १७६० साली उदगीरला मराठ्यांच्या तोफा निजामावर डागणारा इब्राहिमखान गारदी होता, हे तर दूरच. तोच गारदी १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि कैद होऊन मारला गेला. वर्गात सय्यदाचं आणि देशमुखाचं पोर एकाच बाकावर बसतं. असली फीत संपल्यावर त्यांतलं एक मान खाली घालून बसणार, आणि मधल्या सुट्टीत काय होईल ते मास्तरांनाच निस्तरावं लागणार.

म्हणून फीत फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. गोदावरीला पूर होता, निजामाची निम्मी फौज पैलतीरी गेली होती आणि विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला होता. हे नकाशावर हलताना दिसलं की जे कळतं, ते खडूनं कळत नाही. गुरुजींनी आदल्या रात्री सगळी फीत पाहावी, तेवढी दोन मिनिटं निवडावीत, आवाज बंद ठेवावा, मधेच थांबवून विचारावं, ‘निजामाचा दिवाण कोण होता रे?’ ही फीत कोणी केली, कशाच्या आधारावर केली, हेही पोरांना शोधू द्यावं. पुढची फीत आपोआप सुरू होते, ती सोय आधी बंद करावी.

आणि गेवराईच्या पोरांना नदी तर एसटीनं जाऊनही पाहता येते.