आटे : ऑइल चेंबरच्या एका बोल्टामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
मोटारीचे ऑइल बदलून झाल्यावर चेंबरचा ड्रेन बोल्ट वाकडा बसवला आणि लांब पान्याने रेटून आवळला, की छिद्रातले आटे कापले जातात. गॅरेजच्या भाषेत ‘आटे गेले’. मग बोल्ट नुसताच फिरतो, ऑइल ठिबकू लागते आणि ते पुरते गळून गेले तर चालते इंजिन काही मिनिटांत जाम होते. ही दुरुस्ती आज कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते. ती शक्य कशी झाली, याचा इतिहास मात्र इंग्लंड, अमेरिका आणि दोन महायुद्धांपर्यंत जातो.

२/
आधी बिघाड समजून घेऊ. अनेक मोटारींचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. दोन धातूंच्या झटापटीत मऊ धातू हरतो. म्हणून खराब होते ते छिद्र. नवा बोल्ट आणून भागत नाही. पण छिद्रात नवे आटे पाडायचे म्हणजे त्यांचा व्यास, दोन आट्यांतील अंतर आणि त्यांचा कोन आधीच ठरलेला हवा. तो कोणी ठरवला?

३/
अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत उत्तर होते : ज्याने बोल्ट घडवला त्याने. कारागीर प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट जोडीने घडवी. यंत्र उघडताना या जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागत. एका बोल्टाचा नट दुसऱ्यावर बसेल याची खात्री नसे. परिणामी यंत्राचा मालक त्याच्या निर्मात्याशी कायमचा बांधलेला राही.

४/
१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याने आटे पाडणारे लेथ विकसित केले. हत्यार हातात न धरता सरकत्या बैठकीवर घट्ट बसवायचे आणि अचूक आट्यांच्या एका मुख्य स्क्रूने ते पुढे न्यायचे, ही त्यामागची कल्पना. आता एकसारखे आटे हवे तितके पाडता येऊ लागले. तरीही हे ‘एकसारखेपण’ एका कारखान्याच्या भिंतीपुरतेच होते. शेजारच्या कारखान्याचे आटे वेगळेच असत.

५/
मॉडस्लीच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ही भिंत ओलांडली. त्याने देशभरातील कारखान्यांतून स्क्रूचे नमुने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि १८४१ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या. त्याने सर्वांत उत्तम आटा शोधण्याचा हट्ट धरला नाही. प्रचलित नमुन्यांचा मध्य काढला. बहुधा म्हणूनच कारखानदारांना ती पद्धत परकी वाटली नाही. रेल्वे कंपन्यांनी ती उचलून धरली आणि ती ब्रिटनभर रुजली.

६/
या इंचांच्या जगाची खूण आपल्याही बोलीत आहे. लोहार, सुतार आणि जुने मेकॅनिक आजही ‘चार सुताचा बोल्ट’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. ब्रिटिश यंत्रे वसाहतींत गेली तेव्हा त्यांचे आटे आणि पानेही सोबत गेले. आपल्या कारागिरांनी ती मापे आपल्या शब्दांत बसवली.

७/
अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. व्हिटवर्थचा गोलसर माथा घडवायला कौशल्य आणि अधिक हत्यारे लागत. सेलर्सचा आटा सामान्य कारागिरालाही सहज जमे. फरक किती? अर्ध्या इंचाच्या बोल्टावर व्हिटवर्थचे इंचामागे १२ आटे, सेलर्सचे १३. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एकाचा नट दुसऱ्यावर रेटला की आटे गेलेच.

८/
प्रमाण नसण्याची किंमत बाल्टिमोर शहराने मोजली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तेथे भीषण आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि इतर शहरांतून बंब धावून आले. पण अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना जुळेनात. माणसे होती, पाणी होते, जोड मात्र नव्हता. आग तीस तासांहून अधिक काळ धुमसली आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. या आगीनंतर बंबांच्या जोडांच्या राष्ट्रीय प्रमाणाला गती मिळाली.

९/
दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न मित्रराष्ट्रांपुढे उभा राहिला. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमान-इंजिन डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत बनवायला घेतले. ब्रिटिश सुटे भाग त्याला बसावेत म्हणून पॅकार्डला ब्रिटिश आटेच कायम ठेवावे लागले आणि ते पाडण्याची हत्यारे खास तयार करावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समाईक आट्यांच्या करारावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंश. व्हिटवर्थच्या मायदेशाने शंभर वर्षांनी त्याचे ५५ अंश बाजूला ठेवले.

१०/
युरोप खंडात मेट्रिक आट्यांचा प्रवाह स्वतंत्रपणे वाहत होता. १८९८ च्या झुरिक परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. आज अनेक मोटारींचा ड्रेन बोल्ट १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो. त्याच व्यासाचा पण १.२५ अंतराचा बोल्ट चुकून लावला, तर तो थोडा आत जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की १२ आणि १३ आट्यांचे जुने भांडण आपल्या चेंबरमध्ये पुन्हा सुरू होते.

११/
आता दुरुस्ती. छिद्र थोडे मोठे करून त्यात टॅपने नवे, मोठे आटे पाडतात. मग पोलादी तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे आत फिरवून बसवतात. वेटोळ्याची बाहेरची बाजू नव्या आट्यांत रुतते आणि आतली बाजू मूळ मापाचे आटे पुरवते. म्हणजे जुन्याच मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. ‘हेलिकॉइल’ नावाने ओळखली जाणारी ही युक्ती महायुद्धाच्या काळात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. धातूचा कीस आत पडू नये म्हणून चेंबर उतरवून हे काम करणे उत्तम. चेंबर पत्र्याचे असेल, तर ते उतरवून, ऑइल पूर्ण धुऊन नवा नट वेल्ड करता येतो.

१२/
तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. डेव्हिड एजर्टनसारखे इतिहासकार मात्र वापर आणि देखभाल यांकडे लक्ष वेधतात, आणि चेंबरचा हा बोल्ट त्यांच्या बाजूने साक्ष देतो. आट्यांचे प्रमाण ठरले तेव्हा वस्तू दुरुस्त करण्याची सत्ता निर्मात्याच्या हातातून वापरणाऱ्याच्या हातात आली. ज्याने ती मोटार घडवली नाही, असा मेकॅनिक तिचे आटे पुन्हा पाडू शकतो, कारण माप कोणाच्या मालकीचे नाही. आज अनेक उपकरणांवर खास आकाराचे, सहज न उघडणारे स्क्रू दिसतात. ती सत्ता परत घेण्याचा तो प्रयत्न आहे, हे ओळखले पाहिजे.

१३/
आणि व्यवहारातला धडा : बोल्टाचे पहिले तीन-चार वेढे नेहमी हातानेच द्यावेत, वायसर नवा घालावा, पाना शेवटी आणि बेताने. ऑइल रोखण्याचे काम मुख्यतः वायसर करतो, आपले मनगट नव्हे.
तुमच्या भागातील कारागिरांच्या तोंडी ‘सुता’सारखे मापांचे आणखी कोणते शब्द आहेत, ते खाली जरूर लिहा. असे शब्द जपून नोंदवले पाहिजेत.