बुएआ
बुएआ : कॅमेरून देशातील माउंट कॅमेरून या जागृत ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरील प्रशासकीय ठाणे. मूळ रहिवासी बाक्वेरी. त्यांचा प्रमुख कुवा लिकेन्ये याच्या लोकांनी 1891 मध्ये चालून आलेली जर्मन तुकडी परतवून लावली. त्या लढाईत तिचा नायक ग्राव्हेनरॉयट मारला गेला. 1894 च्या दुसऱ्या स्वारीत मात्र गाव पडले आणि डोंगरउतारावरील सुपीक जमिनी युरोपीय मळेवाल्यांच्या घशात गेल्या. बुएआच्या इतिहासात राजधानीच्या दिमाखापेक्षा हीच गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. किनाऱ्यावरील दुआलाच्या दमट, हिवतापाच्या हवेपेक्षा येथील गारवा मानवतो, म्हणून जर्मनांनी 1901 मध्ये आपल्या कॅमेरून वसाहतीची राजधानी येथे हलवली. गव्हर्नर पुटकामर याचा वाडा अजून उभा आहे. 1909 मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला, भूकंपाचे धक्के बसले, आणि कारभार पुन्हा दुआलाला गेला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातील दक्षिण कॅमेरूनचा कारभार येथून चाले. 1961 ते 1972 या काळात बुएआ ही कॅमेरून संघराज्यातील पश्चिम कॅमेरून राज्याची राजधानी होती. संघराज्य मोडल्यावर तिचा दर्जा उतरला. आज बुएआ नैर्ऋत्य विभागाचे मुख्य ठिकाण असून तेथे विद्यापीठ आहे.