एबिंगहाउस यांनी सोडून दिलेला आकडा

परीक्षा जवळ आली की 'रात्र जागून अभ्यास करा' असे आपण शिक्षक सहज सांगून जातो. झोपाळू मूल ते 'ढ' आणि जागणारे ते हुशार, हे समीकरणही आपल्या मनात पक्के असते. ते कितपत खरे आहे?

जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मृतीवरील पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचे. सुमारे ९ तासांनी ही बचत ३६ टक्के भरली, तर २४ तासांनी ३४ टक्के. म्हणजे मधल्या १५ तासांत घट जेमतेम २ टक्के! पुढच्या २४ तासांत मात्र ती ६ टक्के झाली. त्या १५ तासांतला बराच काळ झोपेत गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण झोपेने एवढा फरक पडेल हे त्यांना पटेना. आकड्यातच चूक असावी असे मानून त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

१९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना १० अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला लावल्या. आठ तास जागे राहिल्यावर सरासरी एखादाच गट आठवे. आठ तास झोपल्यावर पाच-सहा. जागेपणीच्या नव्या अनुभवांची गर्दी जुन्या आठवणींना अडथळा करते आणि झोपेत ती गर्दी नसते, असा अर्थ त्यांनी लावला.

पण झोप म्हणजे नुसते झाकण नव्हे. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत असे दिसले, की फिरताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र उद्दीपित होत होत्या. जणू दिवसाची उजळणीच!

मग जास्त झोपणारा अधिक बुद्धिमान का? तसेही नाही. टर्मन आणि हॉकिंग यांनी १९१३ साली शाळकरी मुलांच्या झोपेचे तास आणि त्यांची अभ्यासातील प्रगती ताडून पाहिली. ठळक संबंध आढळला नाही.

थोडक्यात, झोपेच्या तासांवरून मुलाची बुद्धी ठरवता येत नाही. पण शिकलेले टिकायला झोप लागते. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना काय सांगायचे, याचा आपणच पुन्हा विचार करायला हवा.