मेक्सिकोतून आलेला पिठ्या ढेकूण

पपईवरील पिठ्या ढेकूण हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला कीटक. त्याचे नमुने मेक्सिकोत 1955 मध्येच गोळा झाले होते, पण त्याला ‘पॅराकॉकस मार्जिनेटस’ हे शास्त्रीय नाव मिळाले ते 1992 मध्ये. मायदेशी त्याने पिकांचे फारसे नुकसान कधी केले नाही, कारण त्याच्यावर जगणारे शत्रूकीटक तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत होते. समुद्र ओलांडताना हे शत्रू मागे राहिले आणि तिथूनच खरा उपद्रव सुरू झाला.

1994 नंतर ही कीड कॅरिबियन बेटांवर पसरली. 1998 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती पहिल्यांदा सापडली ती पपईवर नव्हे, तर जास्वंदीवर. या कीटकाची मादी पिवळी, मेणाच्या पांढऱ्या भुकटीने झाकलेली आणि बिनपंखी असते. दूरचा पल्ला तिला स्वतः गाठता येत नाही. वारा आणि मुंग्या तिच्या पिलांना शेजारच्या झाडांपर्यंत नेतात. देशोदेशी मात्र ती माणसाने हलवलेल्या रोपांवरून आणि फळांवरून पोहोचली असणार. जास्वंद, चाफा यांसारख्या शोभेच्या झाडांवर ती मजेत वाढते आणि बागेतल्या झाडाच्या पानामागचा पांढरा पुंजका सहसा कोणी उलटून पाहत नाही. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर ती 2002 मध्ये, तर हवाईत 2004 मध्ये नोंदली गेली.

भारतात तिची पहिली नोंद जुलै 2008 मध्ये तमिळनाडूतील कोइम्बतूर येथे झाली. पपईच्या पानाच्या मागे शिरांलगत कापसासारखे थर साचत, मग खोड आणि फळेही त्यांनी झाकली जात. कीटकांनी सोडलेल्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढून पाने काजळी फासल्यासारखी दिसू लागत. पपईपाठोपाठ तुती आणि टॅपिओका या पिकांनाही तडाखा बसला. तुती गेली की रेशीमकिड्यांचा चाराच जातो, त्यामुळे रेशीम उत्पादकांचे हाल झाले. गाजरगवतासारखी तणेही या किडीला आसरा देत असल्याने शेत स्वच्छ केले तरी बांधावरून ती पुन्हा येई. 2010 पर्यंत ती पुणे परिसरातील पपईच्या बागांतही दिसू लागली होती.

शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. मेणाच्या आवरणामुळे औषध किडीच्या अंगाला नीट लागत नव्हते आणि एका मादीची अंडी शेकड्यांत असत. शिवाय फवाऱ्यात मित्रकीटकही मरत, ही हानी अधिक मोठी म्हणायला हवी. पिठ्या ढेकणांवर जगणाऱ्या ‘स्पाल्गिस एपियस’ या देशी फुलपाखराच्या अळ्या या नव्या किडीवरही तुटून पडत होत्या. या फुलपाखराचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून तो बागेत सहज ओळखू येतो. पण एवढ्या मोठ्या प्रादुर्भावाला या अळ्या पुऱ्या पडणाऱ्या नव्हत्या.

खरा उतारा किडीच्या मूळ प्रदेशातून शोधलेल्या शत्रूंत मिळाला. ग्वामवर अशा परोपजीवी माश्या सोडल्यावर किडीची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. तोच मार्ग धरून बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवल्या. त्यांत ‘असेरोफॅगस पपाये’ ही सर्वांत परिणामकारक ठरली. एक मिलिमीटरही लांब नसलेली ही माशी पिठ्या ढेकणाच्या पिलाच्या शरीरात अंडे घालते. आतली अळी यजमानाला खाऊन वाढते, त्याचे शरीर फुगून कडक कवच बनते आणि प्रौढ माशी त्याला गोल भोक पाडून बाहेर पडते. संस्थेने आधी विलगीकरणात चाचण्या घेतल्या, मगच माश्यांची पैदास करून त्या तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र अशा राज्यांत सोडण्यात आल्या. पुढच्या वर्षभरात तमिळनाडूतील बहुतेक भागांत कीड आटोक्यात आली. ती नाहीशी मात्र झालेली नाही. जिथे वारंवार फवारणी करून या माश्या मारल्या जातात, तिथे ती पुन्हा डोके वर काढू शकते.