सॅन फ्रान्सिस्को, १९५१ : भारताने निमंत्रण का नाकारले?

१/ सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. जपानी आक्रमणातील जखमींवर उपचार करीत १९४२ मध्ये तेथेच निवर्तले.

२/ जपान हरला. अमेरिकी अंमलाखाली १९४७ मध्ये आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केला.

३/ १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. जपानमधील अमेरिकी फौज तिकडे वळली आणि मॅकआर्थरने जपानला ७५,००० जणांचे राखीव पोलीस दल उभारायला लावले. १९५४ चे स्वसंरक्षण दल त्यातूनच घडले.

४/ ८ सप्टेंबर १९५१. सॅन फ्रान्सिस्कोत जपानशी शांतता करार झाला. त्याच दिवशी अमेरिकी फौज जपानमध्ये ठेवणारा सुरक्षा करारही झाला. ज्या चीनने हे आक्रमण सोसले, त्याला निमंत्रणच नव्हते.

५/ भारताला होते. नेहरू सरकारने ते नाकारले. परकी फौज असताना केलेला संरक्षण करार स्वतंत्र राष्ट्राचा निर्णय कसा ठरेल, हा मुख्य आक्षेप. रिउक्यू बेटे जपानला आणि फॉर्मोसा चीनला मिळावे, हेही म्हणणे होते.

६/ ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धभरपाईचा हक्क सोडला.

७/ रिउक्यूंतील ओकिनावा १९७२ मध्ये जपानला परत मिळाले. अमेरिकी तळ मात्र आजही तेथे आहेत. आणि फॉर्मोसा, म्हणजेच तैवान, आजही तणावाचे केंद्र आहे.